ओपन सोर्स: सगळं फुकट वाटायचं, तर घर कसं चालवायचं?



तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरीच्या आसपासच्या घरांमध्ये अलीकडे एक संवाद वारंवार होतो. मुलगा डिप्लोमा किंवा बीसीए करून घरी आलेला असतो. पुण्याला जायचं म्हटलं तर खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी हा खर्च झेपणारा नसतो. एज्युकेशन लोन काढायचं तर व्याजाचा प्रश्न आडवा येतो. तोवर मुलगा रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर बसलेला दिसतो. अब्बू विचारतात, "काय करतोस?" तो म्हणतो, "ओपन सोर्सवर काम करतोय." "पैसे किती देतात?" "अजून काही नाही."

अब्बूंचा प्रश्न चुकीचा नाही आणि मुलाचं उत्तरही खोटं नाही. या दोघांच्या मधल्या जागेत जी माहिती असायला हवी, ती आपल्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून आज आम्ही तीच मांडतोय: ओपन सोर्स म्हणजे काय, त्यात खरंच पैसा आहे का, असेल तर तो येतो कुठून, आणि वऱ्हाडातल्या घराने त्यावर किती भरवसा ठेवावा.

विहिरीवरची मोटार आणि सॉफ्टवेअर

विहिरीवर दोन प्रकारच्या मोटारी बसवता येतात असं समजा. पहिली कंपनीने सील केलेली. ती जळली तर कंपनीलाच पाठवायची, कंपनी सांगेल ती किंमत द्यायची. दुसरी अशी की तिचा नकाशा सगळ्यांना माहीत आहे. तिवशाचा कोणताही मिस्त्री ती उघडतो, वायंडिंग बदलतो, शेतकऱ्याच्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफारही करतो.

सॉफ्टवेअरचंही असंच असतं. प्रोग्रामर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो कुलपात ठेवतात आणि आपल्याला फक्त सील केलेली मोटार विकतात. ओपन सोर्समध्ये सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला असतो. तो वाचायचा, वापरायचा, बदलायचा आणि बदललेला पुढे द्यायचा हक्क परवान्यातच लिहून दिलेला असतो.

या विचाराची सुरुवात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर करून केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. म्हणजे "ओपन सोर्स आम्ही कधी वापरलंच नाही" असं म्हणणारं घर आता शोधूनही सापडणार नाही.

आपल्या अगदी जवळचं एक उदाहरण घ्या. फोनवर मराठीतली जोडाक्षरं नीट जुळतात आणि उर्दूची अक्षरं एकमेकांना जोडून येतात, ती कुणामुळे? अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हर्फबझ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करतं. हे नाव फारसीतल्या "हर्फ" आणि "बाज़" म्हणजे "खुलं अक्षर" यावरून आलंय. बेहदाद इस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरने ते अनेक वर्षं सांभाळलं. हे करताना तो उपाशी राहिला नाही. रेड हॅट, गूगल, फेसबुक अशा कंपन्यांमध्ये तो पगारावर होता. इथेच आपल्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात होते.

फुकट आणि मुक्त यातला फरक

ओपन सोर्स म्हणजे "पैसे घ्यायला मनाई" असा एक गैरसमज आहे. तसं अजिबात नाही. परवाना नकाशा खुला ठेवायला सांगतो, मिस्त्रीने मजुरी घेऊ नये असं म्हणत नाही.

परवान्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला एमआयटीसारखा सैल परवाना. कोड घ्या, बदला, हवं तर बंद सॉफ्टवेअरमध्येही वापरा, फक्त मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर ठेवा. दुसरा जीपीएलसारखा कडक परवाना, जो १९८९ मध्ये पहिल्यांदा आला. त्यात अट अशी की बदललेलं सॉफ्टवेअर तुम्ही कुणाला दिलंत, तर त्याचा कोडही त्याच हक्कांसह द्यावा लागतो. समजा तुम्ही अकोल्याच्या एखाद्या दाल मिलसाठी जीपीएल सॉफ्टवेअरमध्ये बदल केले आणि ते मिलला दिले. मग मिलला कोड द्यावा लागेल. सगळ्या जगापुढे मांडलाच पाहिजे असं नाही. आणि या कामाचे पैसे घ्यायला पूर्ण मुभा आहे.

परवाना हा करार आहे. करारातली अट पाळणं आपल्याकडे फक्त कायद्याची बाब नाही, दीनचीही आहे. म्हणून जो मुलगा या कामात उतरेल त्याने आधी परवाना वाचायला शिकावं, मग कोड उचलावा.

पैसा येतो कुठून?

*पहिली वाट, पगाराची.* सर्वांत मोठी आणि स्थिर वाट हीच. लिनक्सच्या गाभ्याचं काम फावल्या वेळात छंद म्हणून करणारे लोक आता थोडे उरलेत. लिनक्स फाउंडेशनच्या अहवालांनुसार त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त काम पगारी प्रोग्रामर करतात. कंपन्या पगार का देतात? कारण त्यांचा धंदा त्या सॉफ्टवेअरवर उभा असतो. रेड हॅट ही कंपनी सॉफ्टवेअर खुलं ठेवून त्याची देखभाल आणि जबाबदारी विकते. २०१२ मध्ये तिची वर्षाची कमाई १ अब्ज डॉलरच्या वर गेली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. रेड हॅटचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. भारतीय भाषांसाठीचे लोहित फॉन्ट त्याच कंपनीच्या पाठबळाने खुले झाले.

*दुसरी वाट, सेवेची.* जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतात. पुण्यातली आरटीकॅम्प ही कंपनी २००९ पासून वर्डप्रेसच्या कामावर उभी आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते बसवणं, वळवणं, सांभाळणं, बिघडल्यावर रात्री दोन वाजता दुरुस्त करणं याला मोल आहे. मिस्त्रीची मजुरी ती हीच.

*तिसरी वाट, भाड्याची.* सॉफ्टवेअर खुलं असलं तरी ते चालवायला सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, सुरक्षेचे अपडेट लागतात. ज्या व्यापाऱ्याला हा उपद्व्याप नको असतो तो महिन्याचं भाडं देऊन मोकळा होतो.

*चौथी वाट, देणगीची.* कालिब्र हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. ते २००६ पासून कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने लिहिलं आणि सांभाळलंय, आणि वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्या त्याला मिळतात. पण या वाटेबद्दल पुढे आम्ही एक इशाराही देणार आहोत.

मुंबईतलं एक घर, फर्निचरचा धंदा आणि ईआरपीनेक्स्ट

आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण मुंबईच्या फ्रापे या कंपनीचं आहे. रुशभ मेहता हे शिक्षणाने इंडस्ट्रियल इंजिनिअर. घरचा फर्निचरचा धंदा होता. माल, उधारी, खरेदी, उत्पादन, हिशेब हे सगळं एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. त्याला ईआरपी म्हणतात. बाजारातली अशी सॉफ्टवेअर मोठ्या कारखान्यांसाठी होती, लहान धंद्याच्या खिशाला न परवडणारी. म्हणून त्यांनी २००८ च्या सुमारास स्वतःच ते बांधायला घेतलं आणि पुढे खुलं करून टाकलं. तेच ईआरपीनेक्स्ट. त्याचा परवाना जीपीएल आहे. ज्या पायावर ते उभं आहे त्या फ्रापे फ्रेमवर्कचा परवाना एमआयटी आहे.

कोड फुकट असताना कंपनी कमावते कशी? सर्व्हर भाड्याने देऊन, मदतीचे करार करून आणि भागीदार कंपन्यांचं जाळं उभं करून. आपल्यासाठी महत्त्वाची आहेत ती हे भागीदार आणि त्यांच्याही बाहेर सुटं काम करणारी माणसं. ती ईआरपीनेक्स्ट घेऊन कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात बसवतात. जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स नावाचं खुलं ॲपही आहे. ते दुसऱ्या एका भारतीय कंपनीने बनवून सगळ्यांना दिलंय. एकाने पाया घातला, दुसऱ्याने भिंत, तिसरा त्यात रंग भरून आपली मजुरी घेतो.

जिनिंगमध्ये हे कसं दिसेल?

वऱ्हाडात ही गोष्ट कापसावर लावून पाहू. हे मांडणीपुरतं उदाहरण आहे, पण आकडे धंद्यातलेच आहेत.

जिनिंगमध्ये शेतकऱ्याची गाडी येते. काट्यावर वजन होतं, ओलावा पाहून भाव ठरतो, पावती फाटते. मग कापसातून दोन वस्तू निघतात, रुई आणि सरकी. थोडी घटही येते. १०० क्विंटल कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई धरली, तर १७० किलोच्या २० गाठी बांधल्या जातात. सरकी वेगळ्या व्यापाऱ्याला जाते, गाठी वेगळ्या.

बाजारातलं साधं हिशेबाचं सॉफ्टवेअर खरेदी-विक्री लिहून घेतं. पण एका मालातून दोन माल आणि घट निघते, उतारा रोज बदलतो, शेतकऱ्याचे पैसे कधी रोख, कधी खात्यात, कधी आठ दिवसांनी जातात, हे त्याला कळत नाही. मग मुनीमजी शेजारी दुसरी वही ठेवतात. वर्षाअखेर दोन वह्या जुळत नाहीत आणि आठ-पंधरा दिवस डोकेफोड होते.

ईआरपीनेक्स्टचा कोड खुला असल्यामुळे हे बदलता येतं. काटा पावतीचा नमुना बनवायचा, कापूस आत आणि रुई-सरकी-घट बाहेर अशी उत्पादनाची नोंद बसवायची, रोजचा उतारा आपोआप निघेल अशी तजवीज करायची. या कामाला पायथन आणि जावास्क्रिप्ट या दोन भाषा लागतात. पण त्याहून जास्त लागते ती जिनिंग कळण्याची अक्कल. ती बेंगळुरूच्या इंजिनिअरकडे नसते. ज्याचे मामू जिनिंगमध्ये कामाला आहेत, ज्याने लहानपणी काट्यावर गाड्या मोजताना पाहिल्यात, त्या मोझरीच्या पोराकडे असते.

कमाई तीन टप्प्यांत होते. बसवून देण्याचे एकरकमी पैसे, मुनीमजींना शिकवण्याचे पैसे, आणि नंतर देखभालीचे दर महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे. पहिल्यापेक्षा तिसरं महत्त्वाचं, कारण घर त्यावर चालतं. आणि एका जिनिंगसाठी केलेलं काम पुढच्या जिनिंगला थोड्या फेरफारात लागू पडतं. संत्र्याचा व्यापारी, कृषी केंद्र, उर्दू शाळा, नर्सिंग होम अशी आपल्या भागातली गिऱ्हाइकं कमी नाहीत. पण आधी एक जण तयार व्हायला हवा, आणि पहिलं काम चोख व्हायला हवं. वऱ्हाडात नाव तोंडोतोंडी होतं आणि जातंही तोंडोतोंडीच.

देणगीवर चूल पेटत नाही

आता इशारा. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाची एक मोठी चूक जगासमोर आली. ती ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये होती. बँका, दुकानं, ईमेल, सगळ्यांची गुपितं जपण्याचं काम ते करत होतं. तेव्हा कळलं की जगभरातून त्याला वर्षाला साधारण २,००० डॉलर एवढीच देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. अब्जावधींचा धंदा त्या एका माणसाच्या खांद्यावर होता. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी हात पुढे केला.

याचा अर्थ सरळ आहे. तुमच्या मुलाने छान काहीतरी बनवून खुलं केलं, हजारो लोकांनी ते वापरलं, तरी पैसे आपोआप येतील असं नाही. देणगीवर घर चालवणारे लोक आहेत, पण ते मोजके आणि वर्षानुवर्षं नाव कमावलेले. म्हणून ओपन सोर्सकडे "टाकलं की पैसा" म्हणून बघू नका. ते कामाचं जाहीर खातं आहे. जो ते नीट भरतो त्याला त्याच्या बळावर नोकरी किंवा गिऱ्हाईक मिळू शकतं.

आणि तिथेच गावातल्या मुलाचा खरा फायदा आहे. मुलाखतीत कॉलेजचं नाव, शहर, आडनाव आधी दिसतं. कोडमध्ये आधी काम दिसतं. आडनाव पाहून दार बंद झाल्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. ओपन सोर्सने तो पूर्वग्रह संपतो असं आम्ही म्हणणार नाही. पण दोन वर्षांचं जाहीर काम समोर असेल, तर "याला येतं का?" हा प्रश्न विचारावाच लागत नाही.

शिकता शिकता मिळणारा मोबदला

काही योजना अशा आहेत की त्यात शिकणाऱ्यालाच पैसे मिळतात.

आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने चालतो. त्यात विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळते. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून दिल्यास ठरलेलं मानधनही दिलं जातं. अमरावती, बडनेरा, शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींनी ही दारं ठोठावून पाहावीत. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, पायथन, लिबरऑफिस यांचे छोटे छोटे धडे मराठीत आणि मोफत आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

गूगल समर ऑफ कोड ही योजना २००५ पासून चालू आहे. ओपन सोर्स संस्थेच्या मार्गदर्शनाखाली काही महिने काम करायचं आणि ठरलेला मोबदला घ्यायचा. मोबदल्याची रक्कम देशाप्रमाणे बदलते. २०२२ पासून कॉलेजचा विद्यार्थीच असण्याची अट गेली. १८ वर्षं पूर्ण केलेला नवखा माणूसही अर्ज करू शकतो.

आउटरीची या योजनेकडे मुलींच्या पालकांनी जरूर लक्ष द्यावं. ज्यांना तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात भेदभाव सोसावा लागतो किंवा ज्यांचं प्रमाण तिथे कमी आहे, त्यांच्यासाठीच ती आहे. काम तीन महिन्यांचं, पूर्णपणे घरून, आणि त्याचे ७,००० डॉलर. अर्जात आपल्याला कोणत्या अडचणी आल्या ते स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. मग काही आठवडे प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं आणि त्यावरून निवड होते. मुलगी हिजाबमध्ये आहे, गाव सोडू शकत नाही, बस वेळेवर नाही, यातली एकही गोष्ट तिथे आडवी येत नाही. स्पर्धा मात्र कडक असते. एकदा नाही झालं तर पुन्हा अर्ज करायचा.

काम मोठं झाल्यावरची मदतही आता देशात उभी राहतेय. झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला. त्यातून दरवर्षी एकूण १० लाख डॉलरपर्यंत मदत द्यायची योजना आहे, एका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलर. हा पैसा नवशिक्यासाठी नाही, लोक आधीच वापरतात अशा सॉफ्टवेअरसाठी आहे. फॉस युनायटेड ही संस्था मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत अशा लोकांच्या बैठका भरवते. तिथे ओळखी होतात, आणि ओळखीतून काम.

हलाल कमाईचा प्रश्न

हा भाग आम्ही मुद्दाम सावकाश लिहितोय.

पहिली गोष्ट, चोरीचं सॉफ्टवेअर. आपल्या भागातली कित्येक डीटीपीची दुकानं, फोटो स्टुडिओ, सेतूच्या आसपासची झेरॉक्स सेंटरं क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर चालतात. सगळेच करतात म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखन, शोध आणि नाममुद्रेचे हक्क शरियतप्रमाणे मान्य असल्याचं आणि त्यांवर अतिक्रमण जायज नसल्याचं ठरवलं होतं. पोरं-बाळं ज्या कमाईवर वाढतात त्या कमाईत हा डाग का ठेवायचा? लिबरऑफिस, गिम्प, इंकस्केप ही सॉफ्टवेअर खुली आहेत. मालकानेच वापरायची परवानगी दिलेली आहे. थोडी सवय बदलावी लागेल, एवढंच.

दुसरी गोष्ट, कर्ज. व्याजावर लाख-दोन लाखांचं लोन काढून ज्या गोष्टी खासगी क्लासमध्ये शिकवल्या जातात, त्यातल्या बऱ्याच खुल्या आहेत. लागतो तो चालता लॅपटॉप, इंटरनेट आणि सहा-आठ महिन्यांची शिस्त. जुना, दुरुस्त केलेला, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप लिनक्सवर व्यवस्थित चालतो. घरातल्यांनी, मामू-चाचांनी मिळून तेवढी कर्ज-ए-हसनाची सोय केली तरी एका मुलाची सुरुवात होते.

तिसरी गोष्ट, कामाची निवड. खुल्या सॉफ्टवेअरचा वापर कोण कशासाठी करेल यावर लिहिणाऱ्याचा ताबा नसतो. पण मजुरी घेऊन जे काम आपण स्वीकारतो त्यावर ताबा असतो. व्याजाचा किंवा जुगाराचा धंदा चालवणारं काम समोर आलं तर काय करायचं, हे आधी आपल्या आलिमांना विचारून ठेवावं. आम्ही इथे फतवा देत नाही.

चौथी गोष्ट, नियत. उपयोगी पडणारं इल्म मागे ठेवून जाणं हे मेल्यानंतरही चालू राहणारं नेक काम आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कुराण डॉट कॉमचा कोड खुला आहे. बतूल ॲप्स या गटाने नमाजच्या वेळा काढणारा कोड खुला केला आणि इतरांनी त्यावर आपापली ॲप बांधली. तन्ज़ील प्रकल्पाने कुराणचा तपासलेला मजकूर सगळ्यांना दिला, पण परवान्यात अट घातली की त्यात बदल करता येणार नाही. कुठे खुलं ठेवायचं आणि कुठे जपायचं, दोन्ही एकाच परवान्यात सांगता येतं, याचं हे सुंदर उदाहरण आहे. मजुरीही घ्यावी आणि असं थोडं कामही करावं. दोन्ही एकत्र नांदतात.

सुरुवात कशी करायची?

पहिले दोन-तीन महिने एक भाषा, शक्यतो पायथन, आणि गिट हे साधन. गिट म्हणजे कोडची खतावणी. कुणी, कधी, काय बदललं हे सगळं त्यात राहतं.

मग एक सॉफ्टवेअर निवडायचं. जे स्वतः वापरता तेच निवडा. महिनाभर ते फक्त वापरा, त्याच्या तक्रारींची यादी वाचा. नवख्यांसाठी सोप्या कामांवर बहुतेक प्रकल्प वेगळी खूण करून ठेवतात. तिथून छोटं काम घ्या. मदतीच्या मजकुरातली चूक दुरुस्त करणं, मराठी किंवा उर्दू भाषांतर पूर्ण करणं, एखादी चूक नेमकी कशी घडते ते लिहून देणं, हीसुद्धा कामंच आहेत. ज्या मुलीला कोडिंग आवडत नाही पण भाषा चांगली आहे, तिलाही इथे जागा आहे.

बदल पाठवला की प्रकल्प सांभाळणारा माणूस तो तपासतो. तो चुका काढेल, परत पाठवेल. कधी चार दिवस उत्तरच येणार नाही, कारण तोही फावल्या वेळात हे करत असेल. इथे बरीच मुलं नाराज होऊन सोडून देतात. तो अपमान नसतो, ती फुकटात मिळणारी शिकवणी असते. उस्ताद वही परत देतो तेव्हा शागीर्द शिकतो.

एक गोष्ट करू नका. २०२० मध्ये एका स्पर्धेत टी-शर्ट मिळवण्यासाठी असंख्य लोकांनी निरर्थक बदल पाठवले आणि प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले. त्यात भारतातले नवखेही बरेच होते आणि नाव सगळ्यांचंच खराब झालं. संख्या मोजू नका. वर्षात पाच चांगले बदल स्वीकारले गेले तर ते शंभर पोकळ बदलांपेक्षा जड आहेत.

फसवणुकीपासून सावध

ओपन सोर्समध्ये काम देण्यासाठी कुणीही आधी पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, "लॅपटॉप पाठवतो, कुरिअरचे भरा" असं कुणी म्हणालं की समजायचं, हा ठग आहे. मुलाखतीची परीक्षा म्हणून अनोळखी कोड तुमच्या कॉम्प्युटरवर चालवायला सांगणाऱ्यांपासूनही जपून राहा. बँकेचा ओटीपी तर कुणालाच नाही.

परदेशातून पैसे आले तर ते बँकेतूनच घ्या आणि रक्कम आल्याचा दाखला जपून ठेवा. कमाई सुरू झाली की आयकर विवरणपत्र भरा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. पहिल्याच वर्षी एखाद्या सीएला भेटून सगळं समजून घ्या. आणि निसाबइतकी बचत वर्षभर राहिली तर जकातचा हिशेब विसरू नका.

अब्बूंसाठी चार शब्द

मुलाला "पैसे किती?" हे जरूर विचारा, पण सोबत आणखी तीन प्रश्न विचारा. कोणतं सॉफ्टवेअर? तुझा कोणता बदल स्वीकारला गेला? तो दाखव. ही सगळी नोंद जाहीर असते, त्यामुळे मुलगा खरंच काम करतोय की नुसता जागतोय, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. मुदतही ठरवा. वर्षभर द्या. तोपर्यंत त्याने दुकानात, शेतात, शिकवणीत हात लावून घरखर्चाला थोडं द्यावं. वर्षानंतर नोंद भरलेली असेल तर नोकरीचे अर्ज आणि स्थानिक गिऱ्हाइकं दोन्हीकडे प्रयत्न करायचा. नोंद रिकामी असेल तर मोकळेपणाने दुसरी वाट धरायची. यात हार नाही. लॅपटॉपही राहतो आणि शिकलेलंही.

मोझरीत १९३५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आश्रम उभारला. गावाने एकत्र राबावं, उद्योग गावातच उभे राहावेत, हा आग्रह त्यांनी ग्रामगीतेतून आयुष्यभर धरला. त्या आश्रमाच्या पुढून जाणाऱ्या हायवेने आपली पोरं नागपूर-पुण्याला जातच राहतील, जायलाही हवं. पण ज्याला जाणं परवडत नाही, ज्या मुलीला जाऊ दिलं जात नाही, ज्याचे अम्मी-अब्बू थकलेत, त्याच्यासाठी एक वाट गावातूनही निघते. ती लांबची आहे आणि सुरुवातीला पदरचं खायला लावते. पण तिच्यासाठी व्याजाचं कर्ज लागत नाही, चोरीचं सॉफ्टवेअर लागत नाही आणि कुणाची शिफारसही लागत नाही.

अल्लाह आपल्या मुलांच्या मेहनतीत बरकत देवो. आमीन.